प्याद्याचे नामकरण

घोड नदीच्या काठचे शिरूर, जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही नुसती ‘घोडनदी’, हे मराठी राज्याच्या अखेरच्या पंधरा वर्षांत एका परक्या फौजेचे ठाणे होते. 31 डिसेंबर 1802 रोजी वसईच्या तहनाम्याने कंपनीची तैनाती फौज पेशव्यांच्या मुलखात कायमची ठेवण्याचे ठरले, आणि पुण्याहून अहमदनगरकडे जाणाऱ्या वाटेवर, घोडनदीच्या माळावर, तंबू, दारूगोळ्याची कोठारे आणि घोड्यांच्या पागा उभ्या राहिल्या. त्या फौजेचा एक सेनापती कर्नल विल्यम वॉलेस 1809 मध्ये येथेच निवर्तला. पुढे आसपासच्या रयतेने त्याच्या थडग्याला सत्पुरुषाचे स्थान मानले आणि हंगामात त्याला नैवेद्य दाखविण्याची रीत पाडली. या छावणीच्या लढायांचा आणि तहांचा वृत्तांत इतिहासकारांनी विस्ताराने लिहून ठेवला आहे. येथे सांगावयाची कथा वेगळी आहे. हत्ती, घोडे, उंट आणि प्यादी यांचे अख्खे सैन्य पटावर मांडणारा आपला जुना खेळ दोनशे वर्षांच्या प्रवासात एका अंधाऱ्या भुयारात कसा उतरला, तेथे त्याने सारे सैन्य टाकून चारपाच वीरच कसे जवळ ठेवले, आणि आज शिरूर-दौंडच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या हातातील पडद्यावर ते वीर राक्षसांच्या दारात आपापल्या पाळीची वाट पाहत कसे उभे राहतात, याची ही कथा आहे.

या खेळाची उगमरेषा शोधू गेल्यास ती दख्खनच्याच भूमीतून जाते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या विनोदांची गणना करताना चतुरंग, फासे आणि कवड्या या तिहींना स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत, मूळच्या पैठणच्या, पण काशीस जाऊन स्थिरावलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने सतराव्या शतकात ‘नीतिमयूखा’सारख्या राजनीतीच्या ग्रंथात बुद्धिबळाच्या नियमांना जागा दिली, आणि 1871 मध्ये औरंगाबादच्या पंडित हरिकृष्णांनी ‘क्रीडाकौशल्य’ लिहून पटावरच्या नाना खेळांचे वर्णन एकत्र केले. म्हणजे राजसभेपासून ग्रंथशाळेपर्यंत पट हा आपल्याकडे निव्वळ पोरखेळ मानला जात नव्हता. लोकांच्या देवांनाही तो वर्ज्य नव्हता. वेरूळच्या लेण्यांत शिव-पार्वती द्यूत खेळत बसलेली आहेत. आणि दौंडच्या शेजारच्याच जेजुरीचा खंडोबा तर म्हाळसेशी मांडलेल्या सारीपाटाच्या डावात हरला, पणाप्रमाणे बारा वर्षे घराबाहेर पडला आणि धनगरवाड्यावर बाणाईच्या बापाची मेंढरे राखू लागला, ही कथा भीमेकाठच्या माळावर मेंढ्या चारणाऱ्या धनगरांना वाघ्या-मुरळीच्या गाण्यांतून शतकानुशतके परिचित आहे. एका दानाने देवाचे आयुष्य बदलते, ही कल्पना ज्या लोकांच्या अंगवळणी पडली होती, त्यांना फाशाचे सामर्थ्य कोणी नव्याने शिकविण्याची गरज नव्हती.

दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत मात्र या देशी पटाची गाठ युरोपीय पटाशी पडली. मूळचे तिरुपतीकडचे तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांनी बुद्धिबळावर ‘विलासमणिमंजरी’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला होता. त्याचा इंग्रजी अवतार, युरोपीय पद्धतीच्या खेळास जुळवून घेतलेला, 1814 मध्ये मुंबईस छापला गेला. दोन्ही पद्धतींत भेद बरेच होते. देशी खेळात प्यादे पहिल्या चालीस दोन घरे पुढे उडी घेत नसे. आणि युरोपात कोणतेही प्यादे पटाच्या टोकास पोचले की त्याला वाटेल ती पदवी, बहुधा वजिराचीच, मिळे, तर देशी खेळात ते ज्या ओळीतून वर चढले त्या ओळीच्या धन्याचाच दर्जा त्याला मिळे: हत्तीच्या ओळीतले प्यादे हत्ती, घोड्याच्या ओळीतले घोडा. प्यादेमात, म्हणजे प्याद्याकरवी राजाला कोंडणे, हा विजय आपल्या खेळाडूंना विशेष मानाचा वाटे. एवढे करूनही प्यादे ते प्यादेच राहिले. त्याला ओळ होती, पदवी मिळण्याची आशा होती, परंतु नाव नव्हते. आणि ते पडले तर त्याच्यासाठी दुसऱ्याच क्षणी कोणाला काही वाटत नसे.

बुद्धिबळात आणखी एक उणीव होती आणि ती सेनापतींच्या ध्यानात आली: पटावर सारेच दिसते. रणांगणावर असे कधीच घडत नाही. दौंड तालुक्याच्या सीमेवर, भीमेच्या पलीकडल्या तीरावर, पेडगावचा किल्ला आहे; तेथे मोगल सुभेदार बहादूरखानाचा तळ असताना, राज्याभिषेकानंतर थोड्याच आठवड्यांनी, 1674 च्या पावसाळ्यात मराठ्यांची सुमारे 2000 माणसांची एक टोळी त्याच्या छावणीवर चालून आल्याची हूल देऊन मागे फिरली. खान सैन्यासह तिच्या पाठीस लागला, दूरवर ओढला गेला, आणि दुसऱ्या वाटेने आलेल्या सुमारे 7000 मराठ्यांनी मोकळा पडलेला तळ लुटून कोटभर रुपयांचा ऐवज आणि 200 घोडे नेले. खानाची बुद्धी कमी पडली असे नव्हे. पटाचा अर्धा भाग त्याला दिसत नव्हता इतकेच. ज्या खेळात शत्रूची दुसरी तुकडी कोठे आहे हे डोळ्यांसमोर मांडलेले असते, त्या खेळाने पेडगावच्या प्रसंगाची तालीम होणे शक्य नव्हते.

ही उणीव भरून काढण्याचा उद्योग जर्मन भूमीत झाला. 1780 मध्ये ब्रन्सविकच्या हेलविग नावाच्या पंडिताने बुद्धिबळाचा पट वाढवून 1666 घरांचा केला, घरांना डोंगर, पाणी, गाव असे रंग दिले आणि मोहऱ्यांच्या जागी पायदळ, घोडदळ, तोफा मांडल्या. नेपोलियनच्या युद्धांनी प्रशिया पोळून निघालेली असताना, 1812 मध्ये, राइसविट्झ नावाच्या एका सरकारी अधिकाऱ्याने प्रशियाच्या राजाला जमिनीच्या उंचसखल तुकड्यांनी मांडता येणारे एक मेज नजर केले. आणि 1824 मध्ये त्याच्या पुत्राने, जो स्वतः तोफखान्यातील अधिकारी होता, या खेळाचे नियम पक्के केले. चौकोनी घरे गेली आणि त्यांच्या जागी 1:8000 प्रमाणाचा नकाशा आला. प्रत्येक पाळी युद्धातील दोन मिनिटांची ठरली. चकमकीचा निकाल फाशावर आणि कोष्टकांवर सोपविला गेला. आणि दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच बसला. एका पक्षाने दिलेला हुकूम दुसऱ्याला कळत नसे. पंच प्रत्येकाला त्याच्या सैनिकांना दिसले असते तेवढेच सांगे. चतुरंगाची बुद्धी, सारीपाटाचे दैव आणि रणांगणाचा अंधार या तिहींची सांगड येथे प्रथम पडली. मात्र प्यादे अजून अनामिकच होते. किंबहुना त्याचे अस्तित्वच लोपले, कारण धातूचा एक ठोकळा म्हणजे एक अख्खी तुकडी, आणि तिची हानी म्हणजे कोष्टकातला एक आकडा.

प्रशियातील हा पिता आणि पुत्र आपापले पट मांडीत होते त्या दोन सालांच्या मधल्या वर्षांत, शिरूरच्या छावणीतून एक खरीखुरी तुकडी एका खऱ्या काळोखात बाहेर पडली. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टाँटनने पुण्याच्या मदतीसाठी सुमारे 800 माणसे आणि दोन तोफा घेऊन कूच केले. रात्रभर चालून थकलेली ही माणसे 1 जानेवारी 1818 च्या सकाळी भीमाकाठी कोरेगावपाशी पोचली, तेव्हा पलीकडे पेशव्यांची अनेक पटींनी मोठी फौज उभी होती. दिवसभर गावाच्या गल्ल्यांतून, पाण्यावाचून, ही लढाई चालली. रात्री ती थांबली, आणि उरलेली तुकडी शिरूरला परतली. या लढाईच्या अर्थाविषयी पुढे पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्या कथेला तिच्यातील एकच गोष्ट प्रयोजनाची आहे. कंपनी सरकारने 1821 मध्ये येथे स्तंभाची पायाभरणी केली, आणि त्या स्तंभावर पडलेल्या साध्या शिपायांची नावे कोरली गेली. त्यांत ‘नाक’ हा प्रत्यय धारण करणारी महार शिपायांची नावे बऱ्याच संख्येने आहेत. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर या स्तंभापाशी आले आणि ज्या नावांना गावगाड्याने वेशीबाहेर ठेवले होते त्यांना इतिहासात उभे राहण्यास जागा मिळाली. शिपायाची गणना नुसत्या संख्येने करणाऱ्या त्या युगात, युद्धाचे गणित मांडणाऱ्या कोणत्याही मेजावर जे झाले नव्हते, ते भीमाकाठच्या या दगडावर झाले होते.

खेळाला ही गोष्ट साधण्यास आणखी दीड शतक लागले. राइसविट्झचा खेळ देशोदेशींच्या फौजांत पसरला. 1880 मध्ये अमेरिकेच्या टॉटन नावाच्या अधिकाऱ्याने त्याचे ‘स्ट्रॅटेगॉस’ नावाचे रूप प्रसिद्ध केले. 1913 मध्ये एच. जी. वेल्सने ‘लिटल वॉर्स’ लिहून तो शिशाच्या सैनिकांसह घराच्या दिवाणखान्यात आणला. मग 1969 मध्ये मिनेसोटा प्रांतात डेव्हिड वेस्ली या तरुणाने, टॉटनच्या पुस्तकातील पंचाच्या अमर्याद अधिकाराने प्रभावित होऊन, ब्राउनस्टाइन नावाच्या एका कल्पित जर्मन गावावर असा डाव मांडला की खेळाडूंच्या हाती फौजांऐवजी गावातील एकेक माणूस दिला गेला. डाव गोंधळात संपला. वेस्लीला तो फसल्यासारखा वाटला, पण खेळाडूंनी पुन्हा मागणी केली. त्या खेळाडूंपैकी डेव्ह आर्नेसन याने पुढच्या एकदोन वर्षांत आपल्या डावासाठी ब्लॅकमूर नावाचा एक किल्ला कल्पिला, आणि आपल्या गड्यांना उघड्या रणातून उचलून त्या किल्ल्याच्या तळघरात उतरविले.

हे तळघर म्हणजे युद्धखेळाच्या इतिहासातील फार मोठा शोध होता, आणि त्याचे कारण अगदी व्यवहारी होते. उघड्या मैदानावर खेळाडू वाटेल तिकडे जाऊ शकतो आणि पंचाला साऱ्या जगाची सिद्धता ठेवावी लागते. भुयारात मात्र भिंती आहेत, दारे मोजकी आहेत, एका खोलीतून दुसरीतच जाता येते, आणि पुढच्या दाराआड काय आहे हे पंचाखेरीज कोणाला ठाऊक नसते. राइसविट्झने नकाशावर जो अंधार मोठ्या कष्टाने निर्माण केला होता तो येथे आपोआप मिळाला. विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा गावच्या गॅरी गायगॅक्स याने मध्ययुगीन लढायांचे ‘चेनमेल’ हे नियमपुस्तक 1971 मध्ये सिद्ध केलेच होते. आर्नेसनचे भुयार आणि गायगॅक्सची लेखणी यांच्या संयोगातून 1974 च्या आरंभी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ एका पेटीतील तीन पुस्तिकांच्या रूपाने, 1000 प्रतींच्या पहिल्या आवृत्तीत, बाहेर पडला. मोहरे आता एकच होते, आणि त्याला नाव, जात, बळ, बुद्धी, पिशवीतले सामान व मरणाचे भय हे सारे होते. प्याद्याचे नामकरण झाले ते येथे.

मराठी वाचकाला ही सृष्टी परकी वाटण्याचे कारण नव्हते. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 1861 ची ‘मुक्तामाला’, नारो सदाशिव रिसबुड यांची 1868 ची ‘मंजुघोषा’ आणि पुढे नाथमाधवांची ‘वीरधवल’ यांवर ज्या पिढ्या पोसल्या, त्यांना अद्भुताचे आणि साहसाचे वेड मुळातच होते. फरक इतकाच की कादंबरीतला नायक सुटणार हे वाचकाला आधीच माहीत असे. खेळातला नायक सुटेलच याची हमी फासा देत नाही.

त्यानंतरचा इतिहास यंत्राचा आहे आणि तो वेगाने सांगता येतो. 1975 मध्येच इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या संगणकावर विद्यार्थ्यांनी भुयारे खोदण्यास आरंभ केला. त्यांतले एक ‘पेडिट5’ अशा रूक्ष दप्तरी नावाखाली लपविलेले होते, आणि कारभाऱ्यांच्या नजरेस येताच ते पुसून टाकले जाई. 1980 च्या सुमारास कॅलिफोर्नियात मायकेल टॉय, ग्लेन विकमन आणि केन अर्नोल्ड यांनी ‘रोग’ नावाचा खेळ रचला: त्यात भुयार प्रत्येक डावात यंत्राने नव्याने मांडायचे, चित्रांऐवजी अक्षरांनी दाखवायचे, आणि वीर एकदा मेला की तो परत यावयाचा नाही. 1981 मध्ये ‘विझर्ड्री’ने वीरांचा सहा जणांचा जथा घराघरांतल्या लहान संगणकांवर आणला. उलट दिशेने, 1989 मध्ये ‘हीरोक्वेस्ट’ने हेच भुयार पुठ्ठ्याच्या पटावर छापून रानवट योद्धा, ठेंगू, वनवासी एल्फ आणि मांत्रिक अशा चौघांना त्यात सोडले, आणि 2017 मध्ये ‘ग्लूमहेवन’ने पंचाला पूर्ण रजा देऊन फाशांच्या जागी पत्ते आणले, जो खेळ 2021 मध्ये पुन्हा संगणकावर चढला. पट संगणकात शिरला, संगणकातून पुन्हा पटावर आला, आणि पटावरून परत संगणकात गेला. असे येणेजाणे अन्य कोणत्या खेळाच्या नशिबी आले असेल असे वाटत नाही.

या साऱ्या स्थित्यंतरांत एक नियम अबाधित राहिला आणि तो म्हणजे पाळीचा. यंत्राला थांबण्याची गरज नाही. क्षणात हजार राक्षस एकदम हलविण्याचे सामर्थ्य त्याच्या ठायी आहे, आणि तसे करणारे धडाक्याचे खेळच बाजारात जास्त खपतात. तरीही या जातीच्या खेळात ते थांबते. दुबळ्यातल्या दुबळ्या वीराची पाळी आली की सर्वशक्तिमान दैत्यही हात आवरून उभा राहतो. खडकवासल्यातून निघून दौंडकडे येणाऱ्या मुठा उजव्या कालव्याच्या शेतकऱ्याला यात नवल वाटू नये. आवर्तन सुटले की शेजपाळीच्या यादीप्रमाणे ज्याची पाळी त्याचे पाणी. वरच्या बाजूचा ऊसवाला बागायतदार कितीही बलाढ्य असला तरी पाटकऱ्याच्या वहीत अर्ध्या एकराच्या धन्याचे जे तास लिहिले आहेत ते त्याचेच असतात, निदान नियम तरी असा आहे. जेथे पाळी पाळली जाते तेथे दुबळ्याला विचार करण्यास वेळ मिळतो, आणि भुयारातील वीराचे सारे बळ त्या वेळातच असते: दार उघडावे की मागे फिरावे, शेवटचे औषध आपण घ्यावे की सोबत्याला द्यावे, हा निर्णय घाईत होत नाही.

आपल्या मुलखात या कलेची सामग्री आता उणी नाही. शिरूर तालुक्यातील पाबळ हे मस्तानीच्या कबरीचे गाव. त्याच गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला आणि 2002 मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेबाहेरची पहिली ‘फॅब लॅब’ तेथे निघाली, जेथे खेड्यातला मुलगा स्वतः यंत्राचे सुटे भाग घडवू शकतो. पुण्यातल्या ‘नॉडिंग हेड्स’ या छोट्या मंडळीने लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यावरही नेटाने काम करून 2020 मध्ये ‘राजी’ हा पुराणकथांवर उभारलेला संगणकीय खेळ जगाच्या बाजारात नेला. तो पाळीचा खेळ नसून धावत्या लढाईचा आहे. परंतु या नगरातून असा खेळ निघू शकतो एवढे त्याने सिद्ध केले.

पाळीचा, भुयाराचा, मराठी मनाचा असा खेळ उद्या कोणी रचू लागला तर त्याने राइसविट्झपासून गायगॅक्सपर्यंतची परंपरा अवश्य अभ्यासावी, पण तेवढ्यावर थांबू नये. त्या परंपरेने प्याद्याला नाव दिले, हा तिचा थोर पराक्रम. परंतु तिच्या भुयारातील खोल्या निनावीच राहिल्या. सापळा येथे का आहे, राक्षस या दाराआडच का, याचे उत्तर बहुधा ‘फासा तसा पडला’ एवढेच असते. आपल्याकडे, परंपरेने ज्ञानदेवांच्या नावावर घातलेल्या मोक्षपटात, नेमके उलट आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहात सापडलेल्या पटांवर ओव्या लिहिलेल्या आहेत; घराघराला काम, क्रोध, लोभ, मोह अशी नावे आहेत, कवड्यांच्या दानाने माणूस चढतो आणि पडतो, पण पडला तर कशामुळे पडला हे त्या घरावर वाचता येते. तेथे प्यादे मात्र अनामिक आहे, कारण ते कोणीही असू शकते. हाच पट साहेबाच्या देशात जाऊन सापशिडी झाला तेव्हा त्यातली नावे हळूहळू झडली आणि साप तेवढे उरले. एका परंपरेने पडणाऱ्याला ओळख दिली, दुसरीने पडण्याला कारण दिले. दोन्ही एका पटावर अजून आलेल्या नाहीत. ज्या खेळात वीराला नाव असेल आणि त्याच्या वाटेतल्या प्रत्येक दारालाही, त्या खेळातला पराभव नुसत्या दुर्दैवाचा राहणार नाही, आणि विजयही नुसत्या फाशाचा असणार नाही. तो रचण्याची पाळी आता आपली आहे.